गवत कापायची मशीन काय काय फेकते?

"कोयत्याने पिढ्यान्‌पिढ्या रान काढलं, तेव्हा कुणी डोळ्याला चष्मा लावला नाही. मग या मशीनचीच एवढी भीती कशाला?"

रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्यात, पेणमध्ये, रोह्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस या भागात फिरून बघा. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी घरी यायचे असतात. वर्षभर बंद असलेल्या घराच्या अंगणात कंबरभर गवत, टाकळा, तेरडा माजलेला असतो, आणि परसाकडे घाणेरी व रानमोडीची जाळी झालेली असते. एकेका मशीनवाल्याला दिवसाला तीन-तीन घरांची बोलावणी येतात. खांद्याला पट्टा, पायात स्लिपर, तोंडाला गमछा, असा एखादा तरुण सकाळपासून मशीन मारत असतो. चार माणसांचे दिवसभराचे काम तो दोन तासांत उरकतो. बहुतेक वेळा कुणालाही काही होत नाही.

प्रश्नाचे उत्तर मात्र या 'बहुतेक वेळा'मध्ये नाही, ते यंत्राच्या रचनेत आहे. कोयता हाताबरोबर चालतो आणि हाताबरोबर थांबतो. त्याची इजा फार तर चालवणाऱ्याच्या पायापर्यंत जाते. मशीनची इजा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचते. हे यंत्र कापते, आणि कापता कापता फेकतेही. फेकणे नीट समजले की काळजीचे सगळे नियम आपोआप सुचतात; एकेक पाठ करावा लागत नाही.

१. धार नाही, वेग कापतो

आपल्याकडे जिला कुणी ग्रासकटर म्हणतो, कुणी ब्रश कटर, तिची रचना साधी असते. मागे पस्तीस सीसीच्या आसपासचे छोटे पेट्रोल इंजिन, पुढे साधारण पाच फुटांची पोकळ नळी, नळीतून फिरणारा दांडा आणि टोकाला गिअरची डबी. त्या डबीला लोखंडी पाते तरी लावतात, नाही तर नायलॉनच्या दोरीचे डोके.

या दोरीचा जन्म मोठा बोलका आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला राहणारे जॉर्ज बॅलस गाडी धुवायच्या केंद्रात गेले होते. तिथले फिरते ब्रश गाडीच्या रंगाला ओरखडा न आणता कानाकोपऱ्यातली घाण काढत होते. झाडाच्या बुंध्याभोवतीचे गवतही असेच काढता येईल, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी एका पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा यंत्रावर बसवून फिरवला. गवत कापले गेले. लोंबती, मऊ, धार नसलेली दोरी पुरेशा वेगाने फिरली की ताठ होते आणि कापते. पुढे जगभर पसरलेल्या नायलॉनच्या कटरची सुरुवात तिथे झाली.

आता वेगाचा एक हिशेब करू. नेहमीचे लोखंडी पाते २५५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा घेर साधारण ८० सेंटिमीटर. पूर्ण रेस दिल्यावर ते मिनिटाला ८,००० फेरे घेते असे धरू, म्हणजे सेकंदाला १३३ फेरे. १३३ गुणिले ८० सेंटिमीटर, म्हणजे पात्याचे टोक एका सेकंदात सुमारे १०६ मीटर जाते. तासाच्या भाषेत हा वेग ३८० किलोमीटर होतो. नायलॉनची दोरी बाहेरपर्यंत पसरत असल्याने तिच्या टोकाचा वेग याहूनही जास्त असू शकतो.

या पात्याला हरभऱ्याएवढा खडा लागला आणि त्याने पात्याचा निम्माच वेग घेतला, तरी तो ताशी १९० किलोमीटरने सुटतो. जगातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजाचा चेंडू १६० च्या आसपास असतो, आणि तो बघायला फलंदाजाला बावीस यार्ड मिळतात, शिवाय डोक्यावर हेल्मेट असते. इथे खडा टोकदार असतो, दिसत नाही, आणि कुठल्या दिशेला जाईल ते पात्याला तो कुठे लागला त्यावर ठरते.

२. आंबा नदीने अंगणात ठेवलेल्या वस्तू

गवताने आजवर कुणाचा डोळा फोडलेला नाही. डोळा फुटतो तो गवतात दडलेल्या वस्तूने. त्यामुळे मशीन सुरू करण्याआधीचे पहिले काम म्हणजे आवार चालून बघणे. नागोठण्यासारख्या गावात तर याला पर्याय नाही, कारण हे आंबा नदीच्या काठावरचे गाव आहे. जुलै १९८९ च्या महापुरात आंबेने वर जांभूळपाड्यात काय अनर्थ केला, ते या खोऱ्यातले जुने लोक विसरलेले नाहीत. तेवढा पूर दरवर्षी येत नाही, पण पाणी चढते आणि उतरताना गाळाबरोबर बाटल्या, काचा, कौलांचे तुकडे, तारा आणि गोटे ठेवून जाते. त्यावर पंधरा दिवसांत गवत उगवते आणि सगळे झाकून टाकते. त्यात महामार्गाच्या रुंदीकरणाची खडी आहे, नव्या बांधकामांचे सळईचे तुकडे आहेत, कुंपणाची तुटून पडलेली काटेरी तार आहे.

चालून बघायचे ते हातात काठी घेऊन आणि पायात गमबूट घालून. काठीने गवत बाजूला सारत, जमीन ठोकत जावे. दगड, काच, तार, दोऱ्या, चिंध्या उचलून घमेल्यात टाकाव्यात. न हलणारा दगड, गाडलेला पाइप, विहिरीच्या कठड्याचा कोपरा, पाण्याच्या नळाची तोटी यांच्याजवळ लाल फडके बांधलेली काठी रोवावी. तारेकडे जास्त लक्ष द्या. दगड एकदा उडून जातो. तार मशीनच्या डोक्याला गुंडाळली जाते आणि तिचे मोकळे टोक फेऱ्याफेऱ्याला चाबकासारखे बाहेर येते.

काठीचा दुसरा उपयोग सापांसाठी. ओल्या गवतात घोणस, नाग, मण्यार, फुरसे यांपैकी काहीही असू शकते. मशीनच्या आवाजाने साप निघून जातो, यावर विसंबू नका; घोणस अनेकदा जागची हलतच नाही. चुकून साप कापला गेला, तर तुटलेल्या डोक्यालाही हात लावू नये. ते काही काळ चावू शकते. दगडांच्या ढिगाजवळ विंचू असतात. याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि पूर्वी दगावली असती अशी अनेक मुले वाचू लागली. पण उपचार आहे म्हणून ढिगात उघडा हात घालण्याचे कारण नाही.

आता अंतर. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट सांगितलेले असते. चालवणाऱ्याच्या चहूबाजूंनी एवढ्या टप्प्यात माणूस, मूल किंवा जनावर असता कामा नये. कोकणातले अंगण बहुधा एवढे नसतेच. पलीकडे शेजाऱ्याची पडवी, अलीकडे रस्ता. अशा ठिकाणी करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. घरातल्यांना आत बसवून खिडक्या लावून घ्या. दुचाकी हलवा. शेजाऱ्यांना आधी सांगा. भिंतीपासूनच्या दोन-तीन हात पट्ट्यात लोखंडी पाते मुळीच नको. तिथे कमी रेसवर नायलॉन किंवा सरळ विळा वापरा. रस्त्याच्या बाजूला ताडपत्री धरून दुसरा माणूस उभा करतात, ते चुकीचे आहे, कारण तो माणूसच त्या पंधरा मीटरच्या आत असतो. ताडपत्री दोन खांबांना बांधावी आणि माणसाला लांब उभे करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायला सांगावे.

चालवणाऱ्याला काही सांगायचे असेल तर मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका. त्याला ऐकू येत नसते. तो दचकून वळतो, आणि त्याच्याबरोबर पाच फुटांच्या टोकाचे पातेही वळते. लांबून, समोरून, हात वर करून थांबवा.

३. गार्ड काढून का टाकतात?

पात्याच्या मागे, चालवणाऱ्याच्या बाजूला प्लॅस्टिकचे एक कवच असते. त्याला सगळे गार्ड म्हणतात. या भागात मशीनवाले बघाल तर अनेकांच्या मशीनवर ते नसते. हा निव्वळ निष्काळजीपणा नाही. त्यामागे अडचण आहे, आणि ती समजून न घेता नुसते रागावून उपयोग होत नाही.

श्रावण-भाद्रपदातले गवत ओले, रसाळ आणि लांब असते. कापलेला चोथा गार्डच्या आतल्या बाजूला चिकटतो, थरावर थर चढतो, मग डोके जड फिरते आणि इंजिन दमते. दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून चोथा खरवडायचा, त्यात वेळ जातो, आणि ठरलेला पैसा तर कामाचा असतो, वेळेचा नसतो. म्हणून एके दिवशी गार्डचे दोन बोल्ट निघतात आणि परत लागत नाहीत.

आता गार्डच्या कडेला नीट बघा. नायलॉनसाठीच्या गार्डवर बोटभर रुंदीची एक लहान पोलादी पट्टी बसवलेली असते. दोरी वाजवीपेक्षा लांब सुटली की ही पट्टी तिचे टोक छाटते. गार्ड गेले की ही पट्टीही जाते. दोरी लांबत राहते, तिला फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो, क्लच तापतो, पेट्रोल जास्त जळते. म्हणजे गार्ड काढून वाचवलेला वेळ मशीन दुरुस्तीत परत द्यावा लागतो. आणि पायाकडे, तोंडाकडे येणारे खडे अडवायला काहीच उरत नाही.

चोथ्यावर उपाय आहेत. दव उतरल्यावर, ऊन लागल्यावर काम सुरू करावे. कंबरभर गवत एकदम मुळाशी न कापता आधी गुडघ्याएवढे आणि मग खाली, असे दोन टप्प्यांत कापावे. चोथा काढताना मात्र मशीन पूर्ण बंद करावी आणि प्लगची कॅप ओढून ठेवावी. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही पाते काही सेकंद फिरत राहते. ते पूर्ण थांबलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिकडे हात नेऊ नये. रेस सोडलेली असताना, इंजिन नुसते धडधडत असताना पाते फिरत असेल, तर ते चालायचेच असे समजू नका. एकतर रेसचा स्क्रू जास्त पिळलेला आहे किंवा क्लच खराब आहे. ती मशीन त्या दिवशी वापरायची नाही.

आणखी एक प्रकार याहून वाईट. नायलॉन लवकर झिजते म्हणून तिच्या जागी लोखंडी तार, क्लचची केबल किंवा साखळीचे तुकडे लावणे. नायलॉनचा तुकडा तुटून उडाला तर वळ उठतो. साखळीची कडी उडाली तर ती अंगात घुसते. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये अशाच साखळीच्या जोडकामाची कडी उडून एक माणूस दगावला, आणि जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय संघाने हातात धरायच्या ब्रश कटरसाठी अशी जोडकामे विकण्यावर बंदी आणली. आपल्याकडे ती बाजारात किंवा गॅरेजात कुणी लावून देईल. लावून घेऊ नका. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरणे याच जातीचे. तडा दिसला की पाते भंगारात जाते. पाते बदलताना लक्षात ठेवा, त्याच्या नटाचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवले की नट सैल होतो. हे ठाऊक नसलेला माणूस उलट जोर लावतो आणि पाना सटकून हात पात्यावर आपटतो.

४. पात्याचा कुठला भाग वापरायचा?

लोखंडी पाते लावून घाणेरीच्या जाळीत शिरलात की अचानक मशीन उजवीकडे जोरात झटका देते. नवशिक्याला वाटते, हात सुटला. कारण वेगळे असते.

पाते समोर आडवे धरले आहे आणि ते घड्याळाची तबकडी आहे असे समजा. बारा तुमच्यापासून सर्वांत लांब, सहा तुमच्या पायाकडे. चालवणाऱ्याला वरून दिसते तसे पाते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. बारा ते तीनच्या भागात दात पुढे आणि डावीकडे धावत असतात. तिथे जाड खुंट किंवा दगड आडवा आला की दात अडतो आणि सगळा जोर मशीनला मागे व उजवीकडे ढकलतो. हाच तो झटका. त्या बाजूला दुसरे कुणी उभे असेल तर पाते त्याच्या नडगीपर्यंत जाते.

म्हणून कापायचे ते डाव्या बाजूने, साधारण आठ ते अकराच्या भागाने. मशीन उजवीकडून डावीकडे ओढत न्यावी, म्हणजे कापलेले गवत आधीच साफ झालेल्या बाजूला पडते. परत उजवीकडे आणताना कापू नये, फक्त आणावे, आणि मग एक पाऊल पुढे. उतारावर, बांधावर काम असेल तर आडवे चालावे. चढ-उतार करत कापताना पाय घसरला की पाते आपल्याच पायावर येते. पट्टा असा आवळावा की हात सोडले तरी मशीनचे डोके जमिनीपासून थोडे वर तरंगत राहील. पट्ट्याला एक चटकन सुटणारा खटका असतो. मशीनने पेट घेतला किंवा गांधीलमाशा उठल्या, तर ती एका ओढीत अंगावेगळी व्हायला हवी. हा खटका कसा सुटतो ते इंजिन बंद असताना दोन-चार वेळा करून बघितलेले असावे.

५. डोळ्याचा प्रश्न

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

उडालेल्या खड्याने डोळा फुटतो, हे सगळ्यांना कळते. गवताच्या पात्याने, भाताच्या तुसाने, ओल्या चोथ्याच्या शिंतोड्याने डोळ्याला नुसता ओरखडा गेला, तर मात्र ते कुणी मनावर घेत नाही. पाणी मारायचे, डोळा चोळायचा, पुन्हा कामाला लागायचे. खरा घात अनेकदा इथे होतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा ओरखडला की आतला भाग उघडा पडतो, आणि झाडपाल्यावरची बुरशी तिथे रुजते. उष्ण, दमट, भातशेतीच्या प्रदेशांत डोळ्यातल्या अशा बुरशीच्या जखमा नेहमी आढळतात. सुरुवातीला खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. काही दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. तोवर बराच उशीर झालेला असतो.

त्यात भर पडते ती औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या थेंबांची. यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन उतरते, माणसाला बरे वाटते, आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. म्हणून डोळ्याला गवत लागल्यावर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुठलेही थेंब घालायचे नाहीत. तूप, दूध, एरंडेल यांतलेही काही नाही.

वेळेवर उपचाराचा फायदा किती, याचा पुरावा आपल्या शेजारच्या देशात आहे. नेपाळमध्ये भक्तपूर भागात गावोगावच्या स्वयंसेवकांना साधा ओरखडा ओळखायला शिकवले गेले आणि अशा रुग्णांना तीन दिवस प्रतिजैविकाचे मलम दिले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दुखापतीनंतर अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी कुणाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. म्हणजे 'उद्या बघू' हे या बाबतीत महागात पडते.

चष्म्याबद्दल नेमके बोलायचे तर उन्हाचा गॉगल चालत नाही. त्याच्या काचा फुटून डोळ्यात जातात आणि बाजू उघड्या असतात. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि त्याची किंमत मशीनच्या किमतीपुढे नगण्य आहे. घामाने तो धुरकटतो, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी आधी चष्मा, आणि त्यावर कपाळाला अडकवायची जाळीची ढाल वापरतात. नुसती जाळी पुरत नाही, कारण बारीक खडा आणि शिंतोडे तिच्यातून आत येतात.

नागोठण्याच्या माणसाला हे पटवायला खरे तर फार बोलावे लागू नये. गावाला लागून पेट्रोकेमिकलचा मोठा प्रकल्प आहे, आधी आयपीसीएल या कंपनीचा आणि २००७ पासून रिलायन्सचा. घराघरातला कुणीतरी तिथे किंवा तिथल्या ठेकेदाराकडे काम केलेला असतो. हेल्मेट, बूट आणि चष्म्याशिवाय अशा प्रकल्पात काम होत नाही, हे त्याला माहीत असते. तोच माणूस रविवारी घरी स्लिपर घालून मशीन मारतो, कारण घरी विचारणारे कुणी नसते. आणि मजूर लावलेला असेल तर विचारायचे काम घरमालकाचे आहे. मशीनवाल्याला बोलावताना मजुरी ठरवतो, तसेच चष्मा आणि बूट आहेत का ते विचारावे. नसतील तर आपण द्यावेत. मजुराने स्वतःच्या हिमतीवर डोळा पणाला लावायचा आणि स्वच्छ अंगण आपण वापरायचे, हा व्यवहार मला न्यायाचा वाटत नाही.

६. पेट्रोल आणि वाळलेला डोंगर

दिवाळीनंतर चित्र बदलते. हिरवे गवत सोनेरी होते, मग करड्या रंगाचे. सुकेळी खिंड, भिसे खिंड, आजूबाजूचे सगळे डोंगर ठिणगीची वाट बघत असल्यासारखे सुकतात, आणि दरवर्षी कुठे ना कुठे वणवा लागतो. या दिवसांत मशीन वेगळ्या कारणाने धोक्याची होते. सायलेन्सर तापलेला असतो. मशीन सुरूच असताना किंवा नुकतीच बंद करून वाळलेल्या गवतावर आडवी ठेवली, तर गवत पेटायला एवढे कारण पुरते. लोखंडी पाते दगडावर घासून ठिणगी उडते ती वेगळीच. बंद केलेली मशीन साफ केलेल्या मातीवर ठेवावी. पाण्याचा कॅन आणि ओले पोते जवळ असावे. काम संपल्यावर अर्धा तास तरी कुणीतरी तिथे थांबावे, कारण धुमसती काडी लगेच दिसत नाही. दुपारचा वारा सुटला की काम थांबवावे.

पेट्रोल हा द्रव जळण्याआधी त्याची वाफ जळते, आणि ती वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत सखल भागाकडे सरकते. नागोठण्याला वायूचे हे सरकणे नवे नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये इथल्या गॅस क्रॅकर प्रकल्पात इथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. अंगणातली गोष्ट त्यामानाने चिमूटभर आहे, पण वाफेचा स्वभाव तोच. म्हणून गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचे नाही. दहा मिनिटे थांबायचे. भरताना विडी-सिगारेट नाही, चूल-शेगडी जवळ नाही. भरून झाल्यावर सांडलेले पुसून, तिथून दहा पावले दूर जाऊन मगच दोरी ओढायची.

पेट्रोल पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवण्याची सवय तर आजच सोडावी. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते.

मिश्रणाचा हिशेबही इथेच करून टाकू. दोन स्ट्रोकच्या मशीनला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. चार स्ट्रोकच्या मशीनला पेट्रोल निव्वळ, ऑइल वेगळ्या टाकीत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढते, म्हणून लागेल तेवढेच आणावे.

७. कान आणि बोटे

यांची इजा दिसत नाही, म्हणून थोडक्यात पण गांभीर्याने. अशा मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार-आरोग्य संस्थेचा ठोकताळा असा: ८५ डेसिबल आठ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. आपला मशीनवाला गणपतीआधी सहा-सात तास मशीन मारतो. कानात कापूस कोंबून काही होत नाही. फोमचे बोळे किंवा कानावरचे मफ लागतात.

कंपनाने बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. वर्षानुवर्षे हे चालले तर बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडतात. मूठ सैल धरावी, हँडलचे झिजलेले रबर बदलावे, आणि दोघांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने मशीन आलटून-पालटून चालवावी.

८. पडलेले झाड आणि साखळीची करवत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आंबा, फणस, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला आणि छपरावरची झाडे काढायला साखळीची करवत हाती घ्यावी लागली. शांतपणे उभे झाड कापणे आणि वादळात पडलेले झाड कापणे यांत मोठा फरक आहे.

पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो. खोड दोन टोकांना टेकलेले आणि मधे अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून सरळ कापत गेलात की मधेच फट मिटते आणि करवत चिमटीत अडकते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापायचे आणि उरलेले खालून वर. खोड एकाच टोकाला टेकून दुसरे टोक लोंबत असेल तर सगळे उलटे: आधी खालून थोडे, मग वरून. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड बुंध्याजवळ तोडले की मुळांचे मातीचे चाक परत खड्ड्यात आदळू शकते. त्या खड्ड्यात किंवा चाकाच्या मागे कुणी उभे नको.

करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू देऊ नका. तिथे लागले की करवत उसळून थेट तोंडाकडे येते. करवत खांद्याच्या वर उचलून कापायची नाही, शिडीवर चढून तर नाहीच. आणि फांदी विजेच्या तारेला टेकलेली असेल, तारेवरून लोंबत असेल, किंवा तार तुटून झाडाखाली गेली असेल, तर करवत सुरूच करायची नाही. ११ हजार व्होल्टच्या तारेला ओली फांदी लागली की झाड, करवत आणि माणूस यांत फरक उरत नाही. महावितरणला कळवायचे, पुरवठा बंद झाल्याची त्यांच्या माणसाकडून खात्री करायची, मग पुढचे.

९. लागलेच तर

खडा किंवा तारेचा तुकडा डोळ्यात रुतला असेल तर तो काढू नये, डोळा दाबू नये, पाणीही मारू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर न टेकता उपडा धरून, कडेने चिकटपट्टी लावून झाकावा आणि दुसरा डोळाही मिटून ठेवायला सांगावे, कारण दोन्ही डोळे एकत्र हलतात. मग सरळ नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात. पायाला पाते लागून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, भिजले तरी काढू नये, त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, चहापूड, माती काही नाही. बोट तुटून पडले असेल तर ते शोधावे, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी मरतात. साप चावला असेल तर माणसाला चालवू नये, पाय आवळून बांधू नये, कापू नये.

रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. माळावर, बांधावर रेंज नसते, म्हणून काम सुरू करताना फोन कुठून लागतो ते बघून ठेवावे, आणि मशीनवाल्याला एकट्याला सोडून घरातले सगळे बाजाराला जाऊ नयेत.